तुफान आणि पत्री

गेल्या सत्रात एका उत्तरपत्रिकेत मी 'पत्री सरकार' असे लिहिले. त्याखाली तांबडी रेघ आणि समासात शेरा : 'अपभ्रंश. शुद्ध रूप प्रतिसरकार.' अर्धा गुण गेला, त्याचे विशेष नाही. पण माझी आजी जन्मभर 'पत्री'च म्हणत आली, तेव्हा ग्रंथालयात कोश काढून बसलो.

शोधायला गेलो 'प्रति' आणि अडकलो 'तुफान'मध्ये! १९४३ साली औंध संस्थानातील कुंडलला प्रतिसरकारचे सशस्त्र दल उभे राहिले, ती तुफान सेना. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली ती तिनेच. सातारा-सांगलीला समुद्र नाही, आणि हा शब्द तर समुद्र पालथे घालून आलेला. मराठीत तो फारसीतून आला, फारसीत अरबीतून. कुराणात नूहच्या वेळच्या जलप्रलयाला हाच शब्द आहे. ग्रीकांचा 'तुफोन' म्हणजे चक्रीवारा, आणि झ्यूसने एटना पर्वताखाली गाडलेला शंभर तोंडांचा राक्षसही. अरबांनी शब्द ग्रीकांकडून घेतला की तो त्यांच्याच धातूचा, यावर पंडितांचे एकमत नाही. इंग्रजांच्या 'टायफून'मध्ये तर चिनी शब्दही मिसळला आहे. आपण मात्र तुफान गर्दी, तुफान हाणामारी असे म्हणून त्यातले पाणी केव्हाच आटवले. असो.

आता शुद्धतेचे पाहू. 'तुफान' अरबी, 'सेना' संस्कृत. 'प्रति' संस्कृत, 'सरकार' फारसी. तांबडी रेघ ओढायचीच तर दोन्ही नावांखाली ओढावी लागेल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना 'वादळ' हा शब्द ठाऊक नव्हता थोडाच! त्यांनी शब्दाची जात विचारली नाही.

मग 'पत्री'चीच जात का विचारावी? 'प्रति' हा उपसर्ग खेड्यात कोणाला माहीत होता? बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री मात्र लहान पोरालाही माहीत. गावगुंडांना आणि खबऱ्यांना तळपायांवर मार बसे. त्यावरून सरकार पायाला पत्र्या ठोकते अशी बोलवा झाली, आणि कानावर पडलेल्या 'प्रति'त लोकांना 'पत्री' ऐकू आली. माझ्या मते हा जिभेचा दोष नव्हे. ज्यांच्या गावात ते सरकार चालले, त्यांनी त्याला आपल्या गोठ्यातले नाव दिले. पुस्तकातले नाव कार्यकर्त्यांचे, हे नाव रयतेचे.

हाच प्रश्न पुन्हा आला तर 'प्रतिसरकार' लिहीन, गुण हवेच आहेत. पण पुढे कंसात 'पत्री' लिहिणार आहे.