गेम तुमच्या फोनमध्ये, चावी दुसऱ्याच्या खिशात

दिवाळीला अड्याळला गेलो की माझं आयटी सपोर्टचं काम सुरू होतं. कुणाचं यूपीआय अडलेलं, कुणाच्या फोनमध्ये जागाच नाही. मागच्या दिवाळीत मामेभावाने मात्र वेगळाच प्रश्न टाकला. हलक्या धानाच्या कापणीची मजुरी नुकतीच हातात आली होती. "दादा, बीजीएमआयमध्ये पाचशेची यूसी घेऊ का? अन् परत बंद झाला तर?"

यूसी म्हणजे त्या गेममधलं चलन. त्यातून कपडे, बंदुकीच्या स्किन वगैरे मिळतात. प्रश्न पाचशे रुपयांचा वाटतो, पण पोराची शंका एकदम बरोबर आहे.

जरा तारखा बघा. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन कंपनीने तोच खेळ भारतासाठी बीजीएमआय नावाने आणला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी ५४ ॲप्स गेली, त्यात फ्री फायर होता. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही दोन्ही ॲप स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. तेव्हा आधी तीन महिन्यांची चाचणी होती, शिवाय रोज किती तास खेळायचं यावर मर्यादा.

डेटा आणि सुरक्षेच्या कारणाने सरकारने पाऊल उचलणं चूक होतं, असं मला म्हणायचं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. निर्णय सरकारचा असो की कंपनीचा, खेळणाऱ्याच्या हातात शेवटी काय उरतं?

सर्व्हर नेमकं करतो काय?

मल्टिप्लेअर गेममध्ये तुमचा फोन फक्त विचारतो, "मी इथून गोळी मारली, लागली का?" लागली की नाही हे सर्व्हर ठरवतो. तसं नसेल तर कुणीही आपल्या फोनमधलं ॲप बदलून प्रत्येक गोळी डोक्यात मारेल. कोण कुणासोबत खेळणार आणि तुमच्या खात्यात कोणती स्किन आहे, हेही सर्व्हरच सांगतो.

त्यामुळे गंमत अशी होते की बसस्टँडच्या बाकावर शेजारी बसलेली दोन पोरं एकमेकांशी खेळतात, पण निरोप दूरच्या सर्व्हरला जाऊन परत येतो. समजा सर्व्हर मुंबईत आहे आणि केबलचा रस्ता ९०० किलोमीटरचा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्यात ९ मिलिसेकंद गेले. टॉवर, राउटर आणि गर्दी धरली की पिंग त्याच्या कितीतरी पट वाढतो.

पण हा एकच मार्ग आहे असं नाही. नागपूरला हॉस्टेलवर आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो. गेम २००३ चा. एकाच्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा आणि बाकीच्यांनी लॅनवर जोडून घ्यायचं. कॉलेजचं इंटरनेट गेलं तरी मॅच चालूच! फोनवर मिनी मिलिशिया तसाच होता. एकाने हॉटस्पॉट लावला की झालं. उन्हाळ्यात गावची लाइन गेल्यावर हाच खेळ आम्हाला पुरायचा. यात सर्व्हर होताच, फक्त तो आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातात होता.

बंद करणं आणि मारून टाकणं

२०१४ मध्ये युबिसॉफ्टने 'द क्रू' नावाचा कार रेसिंगचा गेम विकला. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला गेम चालेनासा झाला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा! त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. पुढे २०२५ मध्ये त्याच कंपनीने 'द क्रू २' ला ऑफलाइन खेळायची सोय दिली. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

कंपन्यांची बाजूही आहे. सर्व्हरला रोजचा खर्च असतो, त्यातले काही भाग दुसऱ्या कंपन्यांचे असतात आणि फसवणूक रोखणारी यंत्रणा उघड करता येत नाही. फुकट गेम तर स्किनच्याच पैशावर चालतो. १०० जणांची मॅच एका फोनच्या हॉटस्पॉटवर ओढणं अवघड आहे, हे इंजिनिअर म्हणून मलाही मान्य आहे. पण चार-आठ जणांची खोली? ती सुरुवातीपासून डिझाइनमध्ये धरली तर अशक्य नाही. नंतर घुसवायला गेलं की महाग पडतं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. त्याची गरज होतीच. पण घेतलेली वस्तू सर्व्हरसोबत गेली तर काय, हा प्रश्न तो हाताळत नाही. कॅलिफोर्नियाने निदान एवढं केलं की तुम्ही फक्त परवाना घेताय हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूवर 'खरेदी' असं लिहिता येत नाही. हा नियम २०२५ पासून लागू आहे.

मला तीन गोष्टी हव्यात. विकताना खरं सांगा. बंद करायचं असेल तर आधी विक्री थांबवा आणि पुरेशी मुदत द्या. आणि जाताना लॅन किंवा खासगी सर्व्हरची वाट मोकळी ठेवा.

मीही एका छोट्या शूटर गेममध्ये स्किनवर पैसे घातले होते. एक दिवस नोटीस आली आणि महिन्याभरात लॉगिन बंद. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की ज्या तिघांसोबत रोज रात्री खेळायचो त्यांची खरी नावंही मला माहीत नव्हती.

मामेभावाला म्हटलं, "आपण झाडीपट्टीचं नाटक बघायला तिकीट काढतो, तेव्हा स्टेज घरी आणायला मिळणार नाही हे माहीत असतं. यूसी तसंच तिकीट समज. रात्रभर मजा आली तर पैसे वसूल. कपाटात ठेवायची वस्तू समजत असशील तर नको घेऊ."

त्याने थोडा विचार केला आणि शंभरचीच घेतली. उरलेल्या चारशेत फोनची बॅटरी बदलणार म्हणाला.