मॅनेज झाला, पण केला कुणी?

‘मॅनेज’ या क्रियापदावर माझा राग आहे, पण ते इंग्रजी आहे म्हणून नाही. टेबल, पेन, तिकीट यांनी मराठीचं काही वाकडं केलेलं नाही. ‘फितूर’ तरी कुठे इथल्या मातीत उगवला? तोही अरबी-फारसीतून आलेला. पण साक्षीदार फितूर झाला म्हटलं की दगा झाल्याचं कळतं. ‘साक्षीदार मॅनेज झाला’ म्हटलं की वाटतं, कुणीतरी एक अवघड काम नीट पार पाडलं.

शब्द मुळात हाताचा. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात; त्यावरून इटालियन मानेज्जारे, म्हणजे हाताळणं, विशेषतः घोडा शिकवणं. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि पुढे त्यात घरसंसार जपून चालवण्याचा फ्रेंच अर्थ मिसळला. तबेला आणि स्वयंपाकघर एकाच शब्दात! (अठराव्या शतकात हेन्री डंडास पदं आणि पेन्शनी वाटून स्कॉटलंडचे खासदार सरकारच्या दावणीला बांधायचा. इतिहासकार त्याला स्कॉटलंडचा ‘मॅनेजर’च म्हणतात. तेव्हा हा उद्योग आपण शोधला, असा गर्व नको.)

आपल्याकडे टेंडर मॅनेज होतं, मॅच मॅनेज होते, अर्ज मागे घेणारा उमेदवार मॅनेज होतो. टपरीवर हे सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते, जरासं कौतुकच असतं. मराठीत माणूस विकला जातो, दबतो, मिंधा होतो, गोड बोलण्याला भुलतो. पैसा, धाक, उपकार, थाप: प्रत्येक क्रियापद आपापली हकीकत सांगतं. मॅनेज काहीच सांगत नाही. वर ‘झाला’! म्हणजे पाऊस झाला, तसा हाही झाला. करणारा वाक्याबाहेर, घरी निवांत.

हेच क्रियापद घरात शिरलं की आणखी गोड होतं. “नोकरी, मुलं, सासूबाईंचं आजारपण, कसं मॅनेज करतेस गं?” हा प्रश्न कुणा पुरुषाला विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. विचारणारा कौतुक करतो आणि चहाचा कप तिथेच ठेवून उठतो. “फार ओढाताण होते का गं?” असं विचारलं तर “हो” असं उत्तर येण्याचा धोका असतो. मग तो कप विसळावा लागतो.

ऑफिसात तर विचारूच नका. चार माणसांचं काम दोघांवर येतं आणि वरून निरोप येतो, “सध्या मॅनेज करा.” ‘भागवा’ म्हणाले असते, तर माणसं कमी आहेत हे आपोआप कबूल झालं असतं, जे पुरत नाही तेच भागवावं लागतं. मॅनेज करा म्हटलं की तुटवडा त्यांचा राहत नाही, तुमच्या कर्तबगारीची परीक्षा होते. नापास झालात तर दोष तुमचा.

भाषा बदलतेच, असं कुणी म्हणेल. बदलू दे की. पण बदलताना दर वेळी लाच देणारा, घरी बसून खाणारा आणि पगार वाचवणारा यांचंच बरं कसं होतं?

बातमीदार मित्रांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार ‘मॅनेज’ झाल्याचं लिहायला बसाल, तेव्हा तो शब्द खोडा आणि कुणी, कशाच्या बदल्यात, ते लिहून बघा. ठाऊक नसेल, तर बातमी अजून मिळायची आहे.