एकदाच फुलतो, म्हणून काय झालं?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ऑक्टोबरच्या मध्याला गुलाब पुरतात. खरोखरचे पुरतात. झुडपाशेजारी त्याच्या उंचीएवढा चर खणायचा, फांद्या सुतळीने एकत्र बांधायच्या, एका बाजूची मुळं सैल करायची आणि अख्खं झुडूप हळूच त्या चरात आडवं करायचं. वर माती, मातीवर पानांचा जाड थर. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की उकरून पुन्हा उभं करायचं. या प्रकाराला तिथे 'मिनेसोटा टिप' म्हणतात, आणि तिथली हौशी माणसं कंबर धरत का होईना, पण वर्षानुवर्षं हे करत आली आहेत.

हा सगळा खटाटोप मुख्यतः हायब्रिड टी गुलाबांसाठी. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा गुलाब. लांब दांडा, टोकदार कळी. व्हॅलेंटाइन डेच्या आधी मावळातल्या पॉलिहाउसमधून खोकी भरभरून जातो तो याच घराण्यातला. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशात 'झोन ४' म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी उणे ३४ ते उणे २९ अंश सेल्सिअसची. एवढ्या थंडीत हा गुलाब उघड्यावर टिकत नाही. म्हणून त्याला पुरायचं.

माझं म्हणणं, कशाला? अशा ठिकाणी बाग करायची असेल तर हा हट्ट सोडावा आणि जुने गुलाब लावावेत. गॅलिका, अल्बा, डमास्क, सेंटिफोलिया, मॉस. यातले बहुतेक वर्षातून एकदाच, जूनच्या आसपास तीन-चार आठवडे फुलतात. इथे समोरचा लगेच विचारतो, "फक्त एकदाच?" नर्सरीतही गिऱ्हाईक हेच विचारतं, आणि या एका प्रश्नापायी हे गुलाब नर्सऱ्यांमधून हटत गेले.

आपण हापूसला हा प्रश्न विचारतो का? बहाव्याला विचारतो? बल्गेरियात कझानलकच्या खोऱ्यात डमास्क गुलाबाची शेती आहे. तोही एकदाच फुलतो. मे-जूनमध्ये पहाटेपासून खुडणी, साधारण तीन-चार टन पाकळ्यांतून एक किलो तेल, आणि त्यावर सगळ्या खोऱ्याची ओळख उभी. तिथे कुणी म्हणत नाही की ऑगस्टमध्ये फूल नाही, काय उपयोग.

मुळात या 'एकदाच'च्या मागे एक यंत्रणा आहे. गुलाबात एक जनुक ब्रेकसारखं काम करतं. वसंतातला बहर संपला की ते 'आता फुलं बस' असं सांगतं आणि झाड आपली ताकद फांद्या वाढवण्यात घालतं. चीनमधल्या बागांतल्या काही गुलाबांत हा ब्रेक निकामी झालेला होता, त्यामुळे ते फुलतच राहायचे. १७९०च्या दशकात असे गुलाब युरोपात पोचले, तिथल्या गुलाबांशी त्यांचे संकर झाले, आणि आज बाजारातले बहुतेक गुलाब पुन्हा पुन्हा फुलतात ते त्या बिघडलेल्या ब्रेकमुळे. देणगी मोठीच. पण हे चिनी गुलाब सौम्य हवेतले. सतत फुलण्याबरोबर थंडीला घाबरणंही त्यांच्याकडून आलं. सप्टेंबर उलटला तरी कोवळी फूट काढत बसलेलं झाड पहिल्याच कडक गारठ्यात सापडतं. गॅलिका गुलाब तोवर फांद्या पक्क्या करून झोपायच्या तयारीत असतो.

'जुना' हे लेबल मात्र डोळे झाकून घेऊ नका. १८६७ साली फ्रान्समध्ये गियो यांनी 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला. त्याला पहिला हायब्रिड टी मानतात. त्या वर्षाच्या आधी अस्तित्वात असलेले सगळे गट म्हणजे जुने गुलाब, अशी अमेरिकन रोझ सोसायटीची व्याख्या आहे. म्हणजे चायना आणि टी हे नाजूक गटही या व्याख्येत 'जुने'च. 'सुव्हनिर द ला मालमेझाँ' हा १८४३चा बूर्बाँ गुलाब फोटोत बघून लोक हरखून जातात, पण झोन ४मध्ये त्याची आशा धरू नये. तेव्हा झाड घेताना वर्ष विचारू नका, गट विचारा.

आता माझी आवड. पहिला नंबर 'शार्ल द मिल्स'चा. गॅलिका, जांभळट किरमिजी. पूर्ण उमललेलं फूल वरून इतकं सपाट असतं की कुणीतरी सुरीने कापून ठेवलंय असं वाटावं. आत पाकळ्यांच्या घड्यांवर घड्या. याचा जन्मदाता कोण, हे पक्कं कुणालाच माहीत नाही, आणि मला ते आवडतं. त्यानंतर 'मादाम हार्डी'. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेचे प्रमुख हार्डी यांनी १८३२ साली बायकोच्या नावाने आणलेला पांढराशुभ्र डमास्क. मधोमध हिरवा ठिपका, बटणासारखा. पांढरं फूल मिळमिळीत असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तो ठिपका बघावा.

अल्बा गटातला 'मेडन्स ब्लश' फिकट गुलाबी, पानं निळसर राखाडी. इंग्रजी नावाचा अर्थ कुमारिकेच्या गालावरची लाली. फ्रेंचमध्ये त्याच फुलाचं नाव आहे 'अप्सरेची मांडी'. एकच फूल, पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्या! अल्बा गुलाब थोडी सावलीही चालवून घेतात, जे गुलाबांत दुर्मीळ. मॉस गुलाबाच्या कळीवर आणि देठावर शेवाळासारखी चिकट लव असते. तिला बोट लावलं की राळेसारखा वास हाताला येतो. आणि 'हॅरिसन्स यलो' हा पिवळा काटेरी गुलाब. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये उगम पावला आणि पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या सामानातून देशभर गेला. घरं पडून गेली, तरी त्यांच्या जागेवर ही झुडपं अजून सापडतात.

ती का टिकली, यात खरी गोम आहे. नर्सरीतले बरेच आधुनिक गुलाब दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले असतात. थंडीत वरचा भाग मेला तर खालचा खुंट फुटतो. अमेरिकेत हा खुंट पुष्कळदा 'डॉक्टर ह्यूई' नावाच्या गडद लाल गुलाबाचा असतो. मग लोक म्हणतात, "आमच्या पिवळ्या गुलाबाचा रंग बदलला." रंग कसला बदलतोय, पिवळा केव्हाच गेला! स्वतःच्या मुळांवर वाढलेला जुना गुलाब वरून जळला तरी खालून तोच येतो. म्हणून घेताना 'स्वतःच्या मुळांवरचाच' असं ठासून सांगावं.

दोष नाहीत असं नाही. गॅलिकाला भुरी येते, काही डमास्कांच्या पानांवर काळे ठिपके पडतात, आणि फुटवे काढत काढत गॅलिका शेजारच्या वाफ्यात घुसतो. छाटणीही वेगळी. फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात. वसंतात उत्साहाने कात्री चालवली की त्या वर्षीचा बहर गेला, कात्री बहरानंतरच. पण एक फायदा फारसं कुणी सांगत नाही. गुलाब कुरतडून खाणारे जपानी भुंगेरे तिथे जूनच्या अखेरीस, जुलैत निघतात. तोवर या गुलाबांचा बहर बराचसा उरकलेला असतो. सतत फुलणारा गुलाब त्यांना पुढचे दोन महिने पंगत वाढत बसतो.

यावर हुशार माणूस म्हणेल, थंडीतही टिकेल आणि पुन्हा पुन्हा फुलेलही, असा गुलाब नाही का? आहे की. कॅनडाच्या सरकारी संशोधक फेलिसिटास स्वेजदा यांनी 'एक्सप्लोरर' मालिका तयार केली. त्यातला १९७८चा 'जॉन कॅबट' मला मनापासून आवडतो. आणि २००० साली आलेला, विस्कॉन्सिनच्या विल्यम रॅडलर यांचा 'नॉक आउट' तर पार्किंगच्या कडेला, पेट्रोल पंपावर, बँकेच्या दारात, सगळीकडे दिसतो. रोगाला सहसा दाद देत नाही, महिनोन् महिने लाल. वास जवळपास नाही. मे महिन्यात त्याच्यापुढून जा, ऑगस्टमध्ये जा, तो तसाच. मला तो झाडापेक्षा फर्निचर वाटतो. असो, ज्याला रंगच हवाय त्याने खुशाल लावावा.

चिंता वेगळी आहे. नर्सरीत झाडं विकली जातात कुंडीत, फूल दाखवून. जुलैत 'मादाम हार्डी'ची कुंडी म्हणजे नुसती हिरवी पानं. ती कोण उचलणार? विकली जात नाही म्हणून नर्सरी ठेवत नाही, नर्सरीत नाही म्हणून कुणाला नाव माहीत नाही. बियांपासून अशी जात तशीच्या तशी परत मिळत नाही. बी पेरलं तर रोप वेगळं निघतं. तिच्या फांद्या आणि फुटवे संपले की जातच संपली. जर्मनीत झांगरहाउझेनची बाग १९०३पासून गुलाबांचा प्रचंड संग्रह सांभाळतेय, पण एका बागेच्या भरवशावर किती जाती सोडायच्या?

तुमच्यापैकी काहीजण पुढच्या वर्षी मिनियापोलिसला, मॅडिसनला, टोरांटोला असाल. भाड्याच्या घरामागे चार हात माती असतेच. तिथे कुणाच्या कुंपणाशी जूनमध्ये असा गुलाब दिसला तर दार वाजवून एक फुटवा मागा. बागकाम करणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. काढायचा मात्र वसंतात, कळ्या फुटायच्या आधी, थोड्या मुळांसकट, आणि ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी लावायचा. पहिला नीट बहर यायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तुमची डिग्री झालेली असेल आणि फुलं घरमालकाला मिळतील. चालेल.