स्थापत्य अभियांत्रिकी : पदवीचा खर्च आणि मनातील विटाळ

अमेरिकेतील आपल्या बौद्ध कुटुंबांत मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आले की घरोघरी एक हिशेब मांडला जातो. कोणत्या पदवीला किती डॉलर लागतात आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी किती डॉलर हाती येतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मुलाचे भवितव्य ठरविले जाते. संगणकशास्त्र आणि वैद्यक वरच्या पायरीवर, आणि स्थापत्य अभियांत्रिकी, ज्याला आपण नुसते ‘सिव्हिल’ म्हणतो, ती अगदी खालच्या पायरीवर. धम्मबांधवांनो, हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची चूक केवळ अंकगणितातील नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेबच मांडू नये, असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात आले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परतल्यावर संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले तेव्हा स्वतःची बचत, कोल्हापूरच्या महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढेच त्यांच्या गाठीशी होते. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाचे आपण अनुयायी आहोत. आपण आकड्यांना भिण्याचे कारण नाही. मात्र आकडे पुरते मांडले पाहिजेत.

प्रथम खर्च पाहू. 2024-25 या वर्षी राज्यातील रहिवाशाला सरकारी विद्यापीठात शिकवणीची छापील सरासरी फी 11,610 डॉलर होती. परराज्यातील विद्यार्थ्याला 30,780, आणि खासगी विद्यापीठात 43,350. चार वर्षांचे झाले अनुक्रमे 46,440, 1,23,120 आणि 1,73,400 डॉलर. राहण्याजेवणाचा खर्च वेगळा, आणि मिळतील त्या अनुदानांची वजावटही वेगळी. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढली, जिथे त्याच वर्षी सरासरी फी 4,050 डॉलर होती, तर चार वर्षांचे ओझे सुमारे 31,000 डॉलरवर येते. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठापासून थोड्याच अंतरावर सिटी कॉलेज आहे. तिथे राज्यातील विद्यार्थ्याला स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी वर्षाला सुमारे 7,000 डॉलरच्या शिकवणीत मिळते. कोलंबियाची शिकवणी वर्षाला 65,000 डॉलरच्या वर आहे. बाबासाहेबांच्या विद्यापीठाबद्दल आपल्याला वाटणारी ओढ आम्ही जाणतो. पण बाबासाहेबांनी तिथे शिकवणी भरली ती शिष्यवृत्तीतून, घर गहाण टाकून नव्हे.

या शाखेत तर विद्यापीठाच्या नावापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीला वजन आहे. पदवीला ‘एबेट’ची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. त्यानंतर एफ. ई. परीक्षा, साधारणतः चार वर्षांचा अनुभव, मग पी. ई. परीक्षा, आणि मग राज्याचा परवाना. ही वाट महागड्या विद्यापीठाच्या पदवीधराला चुकत नाही आणि स्वस्त विद्यापीठाच्या पदवीधराला बंद होत नाही. मग सव्वा लाख डॉलर अधिक मोजायचे ते कशासाठी? संमेलनात चारचौघांपुढे नाव सांगता यावे म्हणून? पालकांच्या नावे मिळणाऱ्या सरकारी कर्जावर 2025-26 साली सुमारे 9 टक्के व्याज होते. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून या कर्जाला दर मुलामागे एकूण 65,000 डॉलरची मर्यादा घातली आहे. तेवढे कर्ज उचलून दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना सुमारे 820 डॉलर, म्हणजे एकंदर 98,000 च्या वर भरावे लागतात. एवढी किंमत मोजून मिळतो तो केवळ मानाचा शब्द. आणखी एक सावधगिरी : सरकारी अनुदान व कर्ज हे नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. एच-4 वर असलेल्या मुलांना ते मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी त्यांचा तो दर्जाही संपतो. अशा कुटुंबांनी तर स्वस्त सरकारी विद्यापीठाचाच विचार आधी करावा.

आता कमाई. सरकारी कामगार सांख्यिकीनुसार मे 2024 मध्ये स्थापत्य अभियंत्याचे मध्यक वार्षिक वेतन 99,590 डॉलर होते. म्हणजे निम्म्यांना त्याहून अधिक, निम्म्यांना कमी. सॉफ्टवेअर डेव्हलपरचे मध्यक सुमारे 1,33,000. वर्षाला तेहतीस हजारांचे हे अंतर खरे आहे, ते आम्ही झाकून ठेवणार नाही. ज्या मुलाचे मन संगणकात रमते त्याने अवश्य संगणकाकडे जावे. आमचा वाद आहे तो मुलाचे मन न पाहता आकडा पाहणाऱ्यांशी. नोव्हेंबर 2022 ते जानेवारी 2023 या तीन महिन्यांत एकट्या मेटाने 11,000 आणि गूगलने 12,000 जणांना घरी पाठविण्याचे जाहीर केले. एच-1बी वर असलेल्यांना नवी नोकरी शोधण्यास त्या वेळी साठ दिवस होते. पुलाचे आणि पाण्याचे काम मंदीत थंडावत नाही असे नाही. पण ते संपत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये या देशाने पायाभूत सुविधांचा 1.2 लाख कोटी डॉलरचा कायदा केला, तरीही 2025 साली अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेने देशाच्या बांधकामांना एकंदर ‘सी’ हीच श्रेणी दिली, आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेला ‘डी प्लस’. शिवाय जो अभियंता शासनाच्या वा नगरपालिकेच्या सेवेत राहतो, त्याला 2007 च्या कायद्यानुसार 120 पात्र हप्ते भरल्यावर उरलेले सरकारी शैक्षणिक कर्ज माफ होण्याची सोय आहे. पहिल्या पगाराच्या हिशेबात हे काहीच धरले जात नाही.

परंतु एवढे सर्व पटवून दिले तरी बरेच पालक मान हलवितात, आणि तिथे खरी गोष्ट उघडी पडते. ‘ऊन, धूळ, गटारे, बांधकामाच्या मजुरांमध्ये उभे राहणे, याच्यासाठी का आपण सातासमुद्रापार आलो?’ हे वाक्य आम्ही अनेक घरांतून ऐकले आहे. मुलगी सांडपाणी शुद्धीकरणाचे शास्त्र शिकेन म्हणते आणि आईवडिलांना संकोच वाटतो. आम्ही विचारतो, हा संकोच कोठून आला? कामाला उतरंड लावणे, हाताला माती लागते ते काम हलके आणि त्याला शिवणारा माणूस हलका, हे तत्त्वज्ञान कोणाचे? ज्या श्रेणीबद्ध विषमतेविरुद्ध बाबासाहेब आयुष्यभर लढले, तीच पदव्यांच्या रूपाने आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली आहे. 1956 साली नागपूरला आपण धर्म बदलला. मनातील विटाळ मात्र काहींनी सामानात बांधून इथवर आणला, असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

त्या आईवडिलांच्या वेदनेची आम्हांस जाण आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर आपल्या कित्येकांच्या आईबापांनी खडी फोडली, पाझर तलावांच्या बांधावर पाट्या वाहिल्या. मस्टरवर त्यांचा अंगठा उमटला. नकाशावर सही मात्र दुसऱ्याची. ज्याने ते हाल पाहिले त्याला आपले लेकरू मातीपासून दूर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण अपमान मातीत नव्हता. जो राबतो त्याला नकाशा वाचू न देणे, सही करण्याच्या खुर्चीपर्यंत पोहोचू न देणे, हा अपमान होता. त्याचे उत्तर मातीपासून पळण्यात नाही, ती सही हाती घेण्यात आहे. या देशात सार्वजनिक पुलाच्या वा जलशुद्धीकरण केंद्राच्या आराखड्यावर परवानाधारक अभियंत्याची सही व शिक्का लागतो. तो शिक्का आपल्या मुलीच्या नावाचा असणे, ही आपल्या दृष्टीने लहान कमाई आहे काय?

आपली चळवळ पाण्यापासून सुरू झाली, हे विसरू नये. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. तेच बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना देशाच्या पाण्याचे व विजेचे धोरण आखीत होते. जानेवारी 1945 मध्ये कलकत्त्याला दामोदर खोऱ्याच्या योजनेवर आणि नोव्हेंबर 1945 मध्ये कटकला ओरिसातील नद्यांवर भरलेल्या परिषदांचे अध्यक्ष तेच होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळही 1945 सालचेच. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा अनुभव त्यांनी हिंदुस्थानसाठी अभ्यासला. ज्याला तळ्यावर जाण्यास मज्जाव होता त्याने नद्यांचे नियोजन केले. आणि त्याच्या अनुयायांना स्थापत्यशास्त्र हलके वाटावे?

गटारांच्या कामाबद्दलही एकदा स्पष्ट बोलू. भारतात मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 2013 साली कायदा झाला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला, 2023 साली ती रक्कम 30 लाख केली. तरी माणसे मरतातच, आणि ती बहुतांशी आपल्याच समाजबांधवांची असतात. माणसाला उतरावेच लागणार नाही अशी गटारव्यवस्था निर्माण करणे हे स्थापत्य अभियंत्याचे काम आहे. इथेही 2014 साली पाण्याचा स्रोत बदलल्यावर कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या फ्लिंट शहराच्या नळांतून शिसे आले. पुढच्या वर्षी ते पाणी तपासून सत्य जगापुढे मांडणाऱ्यांत मार्क एडवर्ड्‌स हे स्थापत्य व पर्यावरण अभियांत्रिकीचे प्राध्यापक अग्रभागी होते. न्यायाची लढाई केवळ न्यायालयातच होत नाही. ती नळातून आणि पाइपातूनही होते.

म्हणून आमचे सांगणे असे. पालकांनी मुलाचा कल आधी पाहावा, कर्ज नंतर आणि विद्यापीठाचे नाव सर्वांत शेवटी. मंडळाने जयंतीच्या खर्चातून काही भाग बाजूला काढून परवाना-परीक्षांचे शुल्क आणि पुस्तके यांसाठी छोटा निधी उभारावा. आपल्यातील जे थोडे स्थापत्य अभियंते आहेत त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत दोन-चार मुलांना आपल्या कामाच्या जागी न्यावे, नकाशा कसा वाचतात ते दाखवावे. आणि पुढच्या संमेलनात कोणाच्या मुलीने ‘मी सिव्हिलला आहे’ असे सांगितले, तर ‘अगं, संगणकाला नाही मिळाला का प्रवेश?’ असे विचारण्याआधी आपण आपल्या मनाची झडती घ्यावी.

जय भीम!