मसाईच्या पठारावरची निळी फुलं

मैत्रिणींनो, गौरी-गणपती आटोपले की कोल्हापुरात घरोघरी एक बेत ठरतो. भडंगाचा डबा घ्यायचा आणि रविवारी पन्हाळ्याच्या पुढं मसाईच्या पठारावर फुलं बघायला जायचं. जरूर जा. पण आधी माझी फजिती ऐका.

आम्ही गेलो तेव्हा पठारावर सीतेच्या आसवांचा नुसता सडा पडला होता. रोप जेमतेम वीतभर, पण निळ्या-जांभळ्या फुलांनी कातळ झाकून गेलेला. साताऱ्याजवळच्या ज्या कास पठाराचं नाव २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथलंही हेच फूल. मला मोह आवरेना. रिकाम्या डब्यात चार-पाच रोपं मातीसकट घेतली, वर ओला रुमाल घातला. हे म्हणाले, "अगं, राहू दे तिथंच." ऐकते कोण! घरी कुंडी तयारच होती. शेणखत, पानांचं खत, कशाची म्हणून कमी नाही. तिसऱ्या दिवशी रोपं काळी पडली.

का, ते मागाहून कळलं. या जांभ्या कातळावर माती बोट-दोन बोटं, आणि तिच्यात कस जवळजवळ नाहीच. म्हणून ही रोपटी पोटाची सोय वेगळी करतात. त्यांच्या मातीतल्या धाग्यांना मोहरीहून बारीक फुगे असतात. ओल्या मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव ते क्षणात आत ओढून घेतात. नाव सीतेचं आणि जेवण सामिष! अशा रोपाला माझं शेणखत म्हणजे तान्ह्या बाळाला पुरणपोळी.

हिमालयात बर्फाच्या कडेला प्रिम्युला नावाचं असंच बुटकं फूल येतं. पण त्याचं मूळ बर्फाखाली टिकतं, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. सीतेच्या आसवांचं तसं नाही. दिवाळीनंतर पठार सुकतं, चैत्रात कातळ तव्यासारखा तापतो, आणि तोवर उरतं ते फक्त बी. तेव्हा केसांत माळायला, नाहीतर फोटोत हातात धरायला मूठभर फुलं तोडलीत, की तेवढं पुढच्या सालचं बियाणं गेलं म्हणून समजा. सतरंजीही फुलांवर अंथरू नका, उघड्या खडकावर बसा. मुलांना पायवाटेवरूनच चालवा.

माझ्या त्या कुंडीत आता तेरडा लावलाय. रंग तीन दिवसांचा का असेना, त्याला शेणखत चांगलं मानवलं.