दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: विमानाचा वेळ नक्की ठरवतं कोण?

गुगलवर शोधलं तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर साधारण १२,४०० किलोमीटर दिसतं. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचं विमान याच प्रवासात सुमारे १५,३०० किलोमीटर उडालं. लांबचा रस्ता मुद्दाम निवडला होता. का?

१२,४०० हा आकडा कुठला?

पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर जी लांबी येईल ती ही. इथे तो दोरा हिमालय आणि सैबेरिया ओलांडून थेट आर्क्टिककडे जातो. विमान तसं जाईलच असं नाही.

वाऱ्याचा हिशोब

खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. आधीचा अटलांटिकवरचा मार्ग जवळपास १,४०० किलोमीटरने कमी होता, पण तिथे वारा समोरून येई. पॅसिफिकवरून वारा पाठीशी मिळाला आणि विमान साडेचौदा तासांत, म्हणजे सुमारे दोन तास आधी पोहोचलं. याच कारणाने जाण्याचा आणि परतीचा वेळ सारखा नसतो.

सीमांचा हिशोब

२०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं आणि अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. युनायटेडने सॅन फ्रान्सिस्को-दिल्ली सेवा थांबवली. एअर इंडिया मात्र रशियावरून जाऊ शकत होती.

२०२५ मध्ये उलटं झालं. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. परदेशी कंपन्यांना ती लागू नव्हती. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय, त्यामुळे युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे वळसा घालावा लागला. मुंबईला समुद्र शेजारीच असल्याने तिचा वळसा त्यामानाने छोटा.

दिल्ली-वॉशिंग्टन सेवा एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केली. कारणं दोन दिली: नूतनीकरणामुळे विमानांची टंचाई आणि पाकिस्तानची बंद हवाई हद्द.

तुमच्या खिशाशी संबंध काय?

वळसा वाढला की इंधन जास्त लागतं. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, म्हणून कधी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, कधी मध्येच इंधनासाठी उतरावं लागतं. कर्मचाऱ्यांच्या ड्युटीच्या तासांनाही मर्यादा असते. बालाकोटनंतर २०१९ मध्ये अशाच बंदीमुळे भारतीय कंपन्यांचं सुमारे ५४८ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं.

म्हणून परदेशातल्या मुलांकडे जायचं तिकीट काढताना किलोमीटर पाहू नका. एकूण तास, थांबे आणि ते विमान कोणत्या देशाच्या कंपनीचं आहे, हे पाहा. दोन शहरं जागची हलत नाहीत, पण त्यांच्यामधला रस्ता एका सरकारी आदेशाने लांबू शकतो.