गाडीसाठी पॉलिशर घेताना

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी जवळ आली की घरातल्या पितळेबरोबर दारातली गाडीही लखलखीत करण्याची हुक्की कुणाला तरी येतेच. बहुधा यजमानांना, नाहीतर चिरंजीवांना. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. ते घालवायला मोबाईलवर एक मशीन पसंत केलं जातं आणि ‘गॅरेजवाल्याला दरवेळी पैसे कशाला मोजायचे?’ असा बिनतोड सवाल आपल्यापुढे येतो. सवाल रास्त आहे. पण पैसे भरण्यापूर्वी ते मशीन कुठल्या जातीचं आहे, एवढं तुम्ही पाहाच.

का, ते सांगते. पितळेचा तांब्या चिंच लावून रोज घासला तरी खालून पितळच निघतं. मुलाम्याचा हार तसा घासाल का? आजच्या गाडीचा रंग हा मुलाम्यातलाच प्रकार आहे. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक लेप. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या लेपाची, आणि उन्हापासून रंगाला जपतो तोही हाच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही कमी. जुन्या पद्मिनी-अ‍ॅम्बॅसिडरची गोष्ट निराळी होती. पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

पॉलिशने ओरखडा भरून निघतो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात आजूबाजूचा लेप ओरखड्याच्या तळाच्या पातळीपर्यंत झिजवावा लागतो, तेव्हा कुठे तो दिसेनासा होतो. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, जोरकस कंपाऊंडने बरेच जास्त. गेलेला लेप परत आणायचा, तर पेंटरचं बिल भरावं लागतं.

आता मशीनकडे वळू. बाजारात मुख्यतः दोन जाती. पहिली रोटरी. ही म्हणजे एका जागी रोवून फिरणारा भोवरा. आर टेकली तिथेच खड्डा पाडणार. मिनिटाला ६०० पासून ३,००० पर्यंत फेरे, तेही एकाच आसाभोवती. ओरखडे झपाट्याने जातात, म्हणून मुरलेले कारागीर ती वापरतात. पण नवख्या हातात ती एका जागी जरा जास्त रेंगाळली, की रंग तापतो. दाराच्या कडा, बॉनेटचे उंचवटे, जिथे लेप मुळातच पातळ, तिथे तो उडून खालचा रंग उघडा पडतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर आणखी जपायला हवं, कारण पत्र्यासारखी उष्णता त्यातून पसरत नाही. एवढं टळलं, तरी उन्हात चक्राकार ढगाळ पट्टे दिसतात ते वेगळेच.

दुसरी जात ड्युअल अ‍ॅक्शन. दुकानदार तिला ‘डीए’ म्हणतात. हिचं पॅड स्वतःभोवती गिरकी घेतं आणि त्याच वेळी मधल्या आसाभोवती हेलकावेही खातं. त्यामुळे घर्षण एका जागी साचत नाही. साध्या डीएवर फार जोर दिलात तर पॅडची गिरकीच थांबते, नुसती थरथर उरते. आपल्यासारख्यांना हेच सोयीचं. घरासाठी डीएच घ्या. रोटरीचे गोडवे गाणारे भाऊ-दीर भेटतील, त्यांना त्यांच्या गाडीवर प्रयोग करू द्यात! अर्थात डीए झाली तरी एकाच कडेवर घासत बसलात तर लेप जायचाच.

एक फसगत मात्र सांभाळा. स्वस्तात ‘पॉलिशर’ म्हणून जे दाखवतात, तो कधीकधी लोकरीची टोपी घातलेला ग्राइंडर असतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. तो लोखंड कापायला ठीक. डीएच्या माहितीत ‘थ्रो’ किंवा ‘ऑर्बिट’ असा मिलिमीटरचा आकडा असतो. तो नसेल तर सरळ विचारा.

हा थ्रो म्हणजे हेलकाव्याचा घेर. १५ किंवा २१ मिमी असेल तर छपरावर आणि बॉनेटवर काम भराभर उरकतं, पण बंपरच्या वळणावर, दाराच्या मुठीपाशी पॅड अडखळतं. आपल्या छोट्या गाडीला सपाट जागा ती किती! ८ किंवा १२ मिमी, पाच इंची चकती आणि वेग कमी-जास्त करायचं बटण, एवढं पुरे. मशीन हातात धरून बघा. दोन-तीन किलोंचं ओझं अर्धा तास दारावर आडवं धरायचं असतं, तेव्हा मनगटाला काय वाटतं ते दुकानातच कळलेलं बरं. वायर लांब आहे ना? आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट आहे का, हे मशीन घरी आल्यावर आठवतं! अमेरिकेतला भाचा आणून देत असेल, तर आभार मानून नको म्हणा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लावल्याबरोबर मशीन जळेल.

मशीन मुळात हवंच का, हेही पाहा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, त्याच्या मागे लागून लेप घालवू नका. बारीक जाळं असेल तर ते आलं कुठून? सकाळी एकाच बादलीत अख्ख्या सोसायटीच्या गाड्या पुसणारं फडकं आठवा. त्यातली रेती रोज बॉनेटवर फिरत असते. आधी भरपूर पाणी मारून धूळ जाऊ द्यायची, मग स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं. शॅम्पूची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. ही घडी बसली नाही, तर पॉलिशनंतर महिन्याभरात जाळं पुन्हा हजर.

काम काढाल त्या दिवशी गाडी सावलीत हवी आणि पत्रा गार. गाडी धुऊन घ्या, रबर आणि काळ्या प्लॅस्टिकला चिकटपट्टी लावा. मग बॉनेटवर दोन फूट लांब-रुंद जागा आखून सगळ्यात मऊ फोमचं पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश लावून बघा. तेवढ्याने जाळं गेलं तर जोरकस कंपाऊंडची बाटली उघडूच नका. चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतंय. दिसायची थांबली, की हात हलका करा.

एक पॅड पुरत नाही. झिजलेला लेप त्यात अडकून ते गच्च होतं, म्हणून चार-पाच लागतात. खर्च धरताना यांचे पैसे विसरू नका. काम झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवा, पिळू नका, आणि सावलीत पालथी वाळत घाला. भांड्यांच्या घासणीशेजारी मात्र ठेवू नका, नाहीतर सकाळी कुणीतरी त्यानेच कढई घासायला घ्यायचं.